तिजोरीची किल्ली आणि सर्व्हरचा पासवर्ड

‘मुलगा आयटीत आहे’ हे वाक्य आपल्या समाजाच्या परिचय मेळाव्यांत आता इतके रूढ झाले आहे की त्यापुढे कोणी काही विचारत नाही. पगार विचारतात, शहर विचारतात. काम कोणते, हे विचारत नाहीत. वास्तविक संगणकासाठी प्रोग्रॅम लिहिणे हे एक काम आणि एखाद्या बँकेचा, रुग्णालयाचा वा कारखान्याचा माहिती तंत्रज्ञान विभाग चालवणे हे अगदी निराळे काम. उत्तम गवंडी असणे आणि धर्मशाळा चालवणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच या दोहोंत आहे. धर्मशाळेच्या व्यवस्थापकाला भिंत बांधता आली नाही तरी चालते. पण पाण्याची टाकी केव्हा भरते, कोणत्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे आणि रात्री दोन वाजता पाहुणा आला तर दार कोण उघडणार, हे त्याला ठाऊक असावेच लागते.

ढाणकीसारख्या गावात बसून या विषयावर लिहिण्याचे प्रयोजन दुहेरी आहे. आपल्या उमरखेड तालुक्यातील मुले-मुली शिक्षणासाठी पुण्याला, हैदराबादला जातात आणि दहा-बारा वर्षांच्या नोकरीनंतर त्यांच्यापुढे व्यवस्थापक होण्याची संधी येते. तेव्हा नेमके काय शिकायचे, हे त्यांना सांगणारे घरात कोणी नसते. दुसरे असे, की आपल्यापैकी अनेक जण पतसंस्थांचे, सहकारी बँकांचे, शिक्षण संस्थांचे संचालक वा विश्वस्त आहेत. हळद, कापूस, सोयाबीनचा पैसा ज्या संस्थांत येतो, तेथील सगळी खाती आज संगणकात आहेत. आणि ‘संगणकाचे आम्हाला काही कळत नाही, ते तो मुलगा बघतो’ असे म्हणून संचालक मंडळ पुढील विषयाकडे वळते. त्या एका वाक्याची किंमत किती होऊ शकते, हे पुण्यात घडलेल्या एका घटनेवरून पाहता येईल.

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झालेली, शतकाची परंपरा असलेली संस्था. ११ ऑगस्ट २०१८ रोजी महिन्याचा दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकांना सुट्टी. त्या दिवशी जगातील २८ देशांतील एटीएम यंत्रांतून, या बँकेच्या बनावट व्हिसा कार्डांचा वापर करून, १२ हजारांहून अधिक व्यवहारांद्वारे सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातही रुपे कार्डांवरून सुमारे अडीच कोटी रुपये निघाले. रविवार गेला. सोमवारी, १३ ऑगस्टला, आंतरराष्ट्रीय संदेशवहनाच्या ‘स्विफ्ट’ प्रणालीतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका बँकेतील खात्यात पाठवले गेले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाख.

हे कसे घडले, ते थोडे विस्ताराने सांगतो; कारण विभागप्रमुखाला काय कळावे लागते, त्याचे उत्तर यातच आहे. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो, तेव्हा ते यंत्र स्वतः काही ठरवत नाही. ते बँकेच्या ‘स्विच’कडे विचारणा करते. स्विच म्हणजे दारावरचा निरोप्या समजा. तो निरोप्या आत जाऊन मुख्य प्रणालीला, म्हणजे कोअर बँकिंगला, विचारतो : या खात्यात एवढी रक्कम आहे का, गुप्त क्रमांक बरोबर आहे का? आतून ‘हो’ आले की तो बाहेर ‘द्या’ म्हणून सांगतो. चोरट्यांनी घातक सॉफ्टवेअरच्या साहाय्याने या खऱ्या निरोप्याच्या बाजूला एक तोतया निरोप्या उभा केला. बाहेरून येणारी विचारणा त्याच्याकडे वळवली गेली. तो आत गेलाच नाही. प्रत्येकाला दारातूनच ‘द्या, द्या’ म्हणत राहिला.

याचा परिणाम पाहा. मुख्य प्रणालीला हात लागला नव्हता. खातेदारांच्या खात्यांतून एक रुपयाही कमी झाला नाही. भार पडला तो बँकेवर. हिशेबाच्या माणसाला या प्रकरणातील हाच भाग सर्वांत बोलका वाटतो. एका वहीत ‘एवढे दिले’ अशी नोंद, आणि दुसऱ्या वहीला त्याचा पत्ताच नाही! आपल्या वाडवडिलांच्या पेढीवर दिवा मालवण्यापूर्वी रोजमेळ लागत असे. गल्ल्यातील रोकड आणि वहीतील शिल्लक यांत चार आण्यांचा फरक आला तरी मुनीमजी घरी जात नसत. संगणकाच्या युगात तो मेळ रात्री घालून भागत नाही, कारण काही तासांत २८ देशांतून पैसा निघून जातो. तो यंत्राने अखंड घालत राहिला पाहिजे आणि फरक दिसताच, सुट्टी असो वा सण, कोणाला तरी जागे केले पाहिजे. हे काम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या मनात आपोआप येत नाही. ज्याने ताळमेळ घालण्यात आयुष्य काढले आहे, त्याच्या मनात ते पहिल्यांदा येते.

या हल्ल्याचा संबंध संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने २०१९च्या अहवालात उत्तर कोरियाशी जोडला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. पण ते प्रामुख्याने बनावट कार्डांच्या साहाय्याने एटीएममधून पैसे काढणाऱ्या साखळीतील लोक होते. दूर बसून स्विच फिरवणारे कोणाच्या हाती लागले नाहीत.

सुट्टीचा दिवस निवडला जाणे हा योगायोग नसतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून ८ कोटी १० लाख डॉलर गेले, तेही गुरुवारच्या रात्री. कारण तेथे शुक्रवारी सुट्टी असते. पुढे न्यूयॉर्कचा शनिवार-रविवार आणि सोमवारी फिलिपिन्समधील चिनी नववर्षाची सुट्टी. स्विफ्टचे संदेश आपोआप छापणारा प्रिंटर त्या दिवशी बंद होता. ‘प्रिंटर नेहमीच बिघडतो’ म्हणून तो दुर्लक्षिला गेला. माहिती तंत्रज्ञान विभागाच्या प्रमुखाने सुट्ट्यांचे कॅलेंडर चोरट्यांच्या नजरेने वाचले पाहिजे, आणि बंद पडलेल्या प्रिंटरकडेही संशयाने पाहिले पाहिजे.

आता बँकेच्या स्ट्राँगरूमची व्यवस्था आठवा. तिजोरीला दोन किल्ल्या; एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही. किल्ल्यांचा दुसरा जोड लाखबंद पाकिटात, दुसऱ्या शाखेत ठेव म्हणून जपलेला. किल्ली हस्तांतरित झाली की रजिस्टरमध्ये तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या. ही पद्धत कोणावर अविश्वास म्हणून आलेली नाही. प्रामाणिक माणसावर आळ येऊ नये, हा तिचा तितकाच महत्त्वाचा हेतू आहे. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड हीसुद्धा तिजोरीचीच किल्ली. ती एकाच व्यक्तीच्या डोक्यात असणे म्हणजे तिजोरी एकट्या शिपायाच्या खिशात ठेवणे होय. ज्या विभागात एकच व्यक्ती व्यवहार लिहिते, तीच मंजूर करते, तीच नोंदी पुसू शकते, तो विभाग कितीही आधुनिक यंत्रांनी सजलेला असला तरी मी त्याला चालवलेला विभाग म्हणणार नाही.

रिझर्व्ह बँकेचा आणखी एक नियम येथे लागू पडतो. बँकेतील संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग किमान दहा कामकाजाचे दिवस, पूर्वसूचना न देता, सक्तीच्या रजेवर पाठवावे, असा दंडक आहे. अनेकांना तो जाचक वाटतो. परंतु ज्याची फाईल दुसऱ्याने उघडावी असे कधीच घडत नाही, त्याच्या फाईलमध्ये काय आहे ते कळणार कसे? संगणक विभागात हा दंडक दुप्पट उपयोगी आहे. माणूस दहा दिवस नसताना काम अडले, तर ते काम कोठेही लिहून ठेवलेले नाही, हे उघड होते. आणि लिहून ठेवणे हे या विभागाचे सर्वांत दुर्लक्षित कौशल्य आहे. कोणती यंत्रे कोठे आहेत, त्यांत काय बसवले आहे, कोणाला कशाची परवानगी आहे, कोणता बदल कोणी, केव्हा, कोणाच्या मंजुरीने केला, ही सारी रजिस्टरे आहेत. कागदावर नसली तरी रजिस्टरेच.

बँकांत संगणक आले त्या काळाचा येथे थोडा उल्लेख करतो. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला आणि शाखांत खतावणीची यंत्रे येऊ लागली. त्या काळी संगणक विभागाचा प्रमुख संगणक शिकलेला नसे. असेच कोणी मिळणे दुरापास्त होते. काउंटरवर उभा राहिलेला, लेजर लिहिलेला, व्याजाची आकडेमोड हाताने केलेला अधिकारी निवडून त्याला प्रशिक्षण दिले जाई. आज नेमके उलट झाले आहे. अभियांत्रिकीची पदवी घेतलेला तरुण थेट विभागात येतो. त्याने शाखेत एक दिवसही पासबुक छापून दिलेले नसते. मला जुनी पद्धत सर्वस्वी चांगली वाटत नाही, कारण तांत्रिक ज्ञानाशिवाय आजचा विभाग चालणे अशक्य आहे. तथापि ज्या व्यवसायासाठी संगणक आहे तो व्यवसायच न कळणारा प्रमुख मला अधिक धोकादायक वाटतो. रुग्णालयाच्या संगणक विभागाच्या प्रमुखाने आठवडाभर केस पेपरच्या खिडकीशी बसावे आणि जिनिंगच्या प्रमुखाने हंगामात काट्यावर उभे राहावे, म्हणजे यंत्रणा बंद पडली असता रांगेतील माणसाचे काय होते, ते त्याला कळेल.

तांत्रिक ज्ञान किती हवे? प्रत्येक तार कोठे जाते, हे नाही. परंतु तंत्रज्ञाने दिलेल्या उत्तरातील पोकळपणा ओळखता येण्याइतके निश्चित हवे. ‘बॅकअप रोज होतो का?’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर सर्वत्र मिळते. खरा प्रश्न पुढचा आहे : त्या बॅकअपवरून सारी खाती पुन्हा उभी करून कधी पाहिली? माझ्या परिचयातील एका संस्थेत संगणक सांभाळणारा तरुण पुण्याला नोकरी मिळाल्याने निघून गेला. मुख्य पासवर्ड त्याच्याखेरीज कोणाजवळ नव्हता. बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती. ती उघडल्यावर कळले, की कित्येक महिन्यांपासून तीत काहीच उतरत नव्हते. तरुण सज्जन होता, फोनवर सारे सांगून मोकळा झाला, म्हणून निभावले. तो भेटलाच नसता तर? खणात डिस्क आहे, एवढ्यावर संचालक मंडळ वर्षानुवर्षे समाधानी होते.

बदल करण्याची शिस्त हा आणखी एक भाग. १९ जुलै २०२४ चा शुक्रवार अनेकांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीने धाडलेल्या एका सदोष सुधारणेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. हल्ला नव्हता, चोरी नव्हती. रक्षण करणाऱ्याच्याच हातून झालेले नुकसान होते. नवीन औषध आधी एका रुग्णावर पाहावे तशी कोणतीही सुधारणा प्रथम चार संगणकांवर चालवून पाहावी, मग चारशेंवर, हा साधा क्रम. हे सूत्र ठाऊक नसलेला तंत्रज्ञ विरळा. पण वरून घाई होते, आणि घाई करणाऱ्या वरिष्ठाला ‘आज नाही’ असे सांगण्याचे धैर्य विभागप्रमुखात असावे लागते. ते धैर्य कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. मात्र रिझर्व्ह बँकेने त्याला नियमाचा आधार दिला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या निर्देशांत व्यापारी बँकांना सांगितले आहे, की माहिती सुरक्षेचा प्रमुख अधिकारी हा माहिती तंत्रज्ञान विभागप्रमुखाच्या हाताखाली नसावा आणि त्याला व्यवसायाची कोणतीही उद्दिष्टे देऊ नयेत. ज्यांनी मार्चअखेरच्या ठेवींची उद्दिष्टे खांद्यावर वाहिली आहेत, त्यांना या दुसऱ्या अटीतील शहाणपण समजावून सांगण्याची गरज नाही.

आता ढाणकीच्या अंगणात येऊ. लहान संस्था स्वतःचे सर्व्हर ठेवत नाहीत. बाहेरच्या कंपनीची सेवा घेतात. यात गैर काही नाही, खर्चाच्या दृष्टीने तेच योग्य. परंतु ३१ जुलै २०२४ रोजी काय झाले ते लक्षात घ्या. सहकारी आणि ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. धोका पसरू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने त्या कंपनीची जोडणी तात्पुरती तोडली. देशातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. त्या बँकांपैकी कोणाच्या इमारतीत काही बिघडले नव्हते. बिघाड पुरवठादाराकडे होता, उत्तर मात्र काउंटरवरच्या कारकुनाला द्यावे लागले.

म्हणून करार वाचता येणे हे विभागप्रमुखाचे मोठे कौशल्य मानले पाहिजे. सेवा बंद पडल्यास किती तासांत सुरू करणार? न केल्यास दंड काय? माहिती कोणाच्या मालकीची? आपण पुरवठादार बदलला तर तो ती कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत करणार? कंपनीच बुडाली तर? मी अनेक करार पाहिले आहेत. किमतीवर महिनाभर घासाघीस होते आणि या कलमांवर कोणी बोट ठेवत नाही. व्यापारी समाजातील मुलांना हे बाळकडू घरातच मिळालेले असते. सौदापत्रक नीट वाचणारा मुलगा सेवा करारही नीट वाचू शकतो, पण तेही आपलेच काम आहे, असे त्याला वाटले पाहिजे.

त्यांच्या शिक्षणाविषयी दोन शब्द. सरकारी बँकांत माहिती तंत्रज्ञान अधिकाऱ्याच्या थेट भरतीसाठी संगणकाशी संबंधित अभियांत्रिकी पदवी किंवा पदव्युत्तर पात्रता लागते. परंतु तो एकमेव रस्ता नाही. आपल्या समाजात चार्टर्ड अकाउंटंट होणाऱ्या मुला-मुलींचे प्रमाण मोठे आहे. त्यांच्या संस्थेचा माहिती प्रणालीच्या लेखापरीक्षणाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. ‘सिसा’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रही वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला, अनुभवाची अट पूर्ण केल्यावर, मिळवता येते. ज्यांना हिशेब कळतो आणि त्यावर संगणकाचे ज्ञान चढवायची तयारी आहे, त्यांची या क्षेत्रात वाण आहे. कायदाही थोडा वाचावा लागतो. एप्रिल २०२२ च्या केंद्रीय निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ला कळवणे बंधनकारक आहे आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. सहा तास म्हणजे किती कमी, हे रात्री अकराला फोन आल्यावर कळते; कोणाला कळवायचे, ते आधीच भिंतीवर लावलेले असावे.

पालकांना आणखी एक सांगावेसे वाटते. मुलीला वा मुलाला दुसऱ्याला समजेल असे बोलण्याची सवय लावा. अध्यक्षांना सर्व्हरचा धोका समजला नाही, तर दोष अध्यक्षांचा नसतो. वर मी स्विचला निरोप्या म्हटले. तंत्रज्ञ त्याला हसतील, पण निधी मंजूर करणारे संचालक निरोप्याची गोष्ट ऐकून मान डोलावतात. दहा जणांचे पथक सांभाळणे, त्यातील हुशार माणूस दुप्पट पगारावर निघून जाणार हे गृहीत धरून दुसऱ्याला तयार करणे, रात्रपाळी करणाऱ्याच्या घरच्या अडचणी ठाऊक असणे, ही कामे कोणत्याही कार्यालयाच्या प्रमुखाची आहेत आणि येथेही तितकीच लागतात. त्यावर फार लिहीत नाही.

राहिल्या पतसंस्था. बँकेतील ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे ते छत्र नाही. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी चार स्तरांची सायबर सुरक्षा चौकट घालून दिली. पतसंस्था तिच्या कक्षेत येत नाहीत. म्हणजे जेथे ठेवीदार सर्वांत साधा आणि संरक्षण सर्वांत कमी, तेथेच सर्व्हर सर्वांत एकाकी. अशा संस्थेला स्वतंत्र विभागप्रमुख परवडणार नाही, हे मान्य. मात्र संचालकांपैकी एकाने ती जबाबदारी नावानिशी घ्यावी, वर्षातून एकदा बाहेरच्या जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि पासवर्डचे लाखबंद पाकीट अध्यक्ष व सचिव यांच्या संयुक्त ताब्यात ठेवावे, यासाठी फार पैसा लागत नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरपूर्वी होतात. नफा-तोटा पत्रक वाचून झाल्यावर, लाभांशाचा विषय येण्यापूर्वी, वाचकहो, सभासद म्हणून उभे राहून तीन प्रश्न विचारा : बॅकअपवरून खाती पुन्हा उभी करून शेवटची कधी पाहिली, त्याची तारीख काय? मुख्य पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे? आणि सेवा पुरवणारी कंपनी उद्या बंद पडली, तर आमची खाती आम्हाला किती दिवसांत मिळतील? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत, असा आग्रह धरा.